सूरजच्या हातचा खुराक

शिवणे पुण्यात गेलं की पुणंच शिवण्यात घुसलं, यावर वेशीजवळच्या पारावर अजून एकमत झालेलं नाही. गेनबाला विचाराल तर तो म्हणायचा, "आपण कुठं गेलो न्हाई, हितंच हाय." आणि ते खरंच होतं. त्याच्या वांग्याच्या वावरात आता इमारती उभ्या होत्या, त्यांतली एक त्याची स्वतःची होती. वरचे मजले कॉलेजच्या आणि आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिलेले, मधल्या मजल्यावर तो आणि त्याची बायको मैना, आणि तळाला, जिथं पूर्वी बैल बांधायचे तिथं, त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, सूरजची, जिम.

'जिम' हा शब्द गेनबा दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारायचा. कारण तो तालमीतला माणूस. तरुणपणी पंचक्रोशीत शिवण्याच्या गेनबाचं नाव निघालं की समोरचा गडी लंगोट कसण्याआधी एकदा पाणी पिऊन यायचा. त्याच्या जोडीला असायचा सर्जेराव. दोघं एकाच मातीत लोळले, एकाच वस्तादाचा मार खाल्ला. गावात कुणाचं कुणाशी पटो न पटो, गेना आणि सर्जा या जोडीत कुणी काडी घालायला जात नसे. काही उपयोगच नव्हता.

सूरजनं बापाचं नाव पुढं न्यावं ही गेनबाची एकच हौस. पोरगं अंगानं भरलेलं, चपळ, वस्तादही खूश. पण एकोणिसाव्या वर्षी, जिल्ह्याच्या निवडीच्या दिवशी, नाव पुकारल्यावर सूरज जागेवरून उठलाच नाही. "मला नाही लढायचं," एवढंच म्हणाला. साऱ्या आखाड्यासमोर गेनबानं त्याच्या थोबाडीत दिली. त्या दिवसापासून बापलेकांचा अबोला.

अबोलाही साधा नव्हे. चांगली अकरा वर्षं. दोघं एकाच खोलीत बसलेले असायचे. गेनबा बायकोला म्हणायचा, "त्याला सांग, गाडी दारातनं काढ." सूरज म्हणायचा, "तात्यांना सांग, काढतो." मैना मधे बसून मेथी निवडत असायची. दोघांचं बोलणं दोघांनाही ऐकू गेलेलं असलं तरी ती ते पुन्हा एकदा म्हणून दाखवायची. पोरानं जिमचा कोर्स केला तोही तिच्या तोंडून कळला, बैलाच्या गोठ्याची जागा त्याला दिली तीही तिच्याच मार्फत. एवढा निरोप्याचा धंदा तिनं पोस्टात केला असता तर एव्हाना पेन्शन लागली असती. ती हसून असं म्हणायची खरी, पण एकटी असली की डोळ्यांना पदर लावायची.

मग एका पुतण्याच्या साखरपुड्यात गेनबाला चक्कर आली. साखरपुड्यातच साखर वाढावी, यावर गावानं यथेच्छ विनोद केले. पण चक्कर आली तेव्हा गर्दीतून पहिला धावला तो सूरज. त्यानं बापाला उचलून गाडीत घातलं आणि कर्वेनगरला डॉक्टर प्रियदर्शनींच्या दवाखान्यात नेलं. त्या परभणीकडच्या. वयानं लहान, बोलायला ठाम. रिपोर्ट बघून त्यांनी गेनबाला नीट बसवून समजावलं. काका, तुमच्या अंगात इन्शुलिन तयार होतंय, भरपूर होतंय, पण शरीर त्याचं ऐकत नाहीये. ते बिचारं दारात उभं राहून हाका मारतंय आणि आतलं कुणी उठून दार उघडत नाही. याच्यावर गोळ्या आहेतच, पण त्याहून मोठं औषध व्यायाम. स्नायू कामाला लागले की दार उघडायला लागतात.

गेनबाला आजार लगेच कळला. हाका मारायच्या आणि आतून कुणी उठायचं नाही, हे दुखणं त्याच्या घरात अकरा वर्षं मुक्कामाला होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास सूरज बापाच्या खाटेशी येऊन उभा राहिला. "तात्या, उठा. चालायला जायचंय."

गेनबानं सवयीनं बायकोकडे पाहिलं, उत्तर पोचवायला. मैना पाठमोरी होऊन चहाचं भांडं घासत होती. भांडं केव्हाच लखलखलं होतं, पण ती काही वळेना. शेवटी गेनबालाच बोलावं लागलं. "आलो," तो म्हणाला, आणि चपला शोधताना त्याला डोळ्यांपुढचं दिसेना.

रोज सकाळी नदीकडच्या रस्त्यानं चालणं, मग जिममध्ये येऊन हलकी वजनं, रबराचा पट्टा ओढणं, भिंतीला टेकून बैठका. ज्यानं एका दमात बैठकांचा पाऊस पाडला होता त्याला पोरगं "हळू, गुडघा पुढे नको" असं शिकवत होतं आणि तो ऐकत होता. सगळं झालं की सूरज एका डब्यातून गुलाबी पावडर काढायचा, शेकरमध्ये पाणी ओतून खळखळ हलवायचा आणि बापाच्या हातात द्यायचा. कलिंगडाच्या चवीचं अमिनो होतं ते. अमिनो आम्लं स्नायू भरून आणतात, असं सूरज सांगे. त्याच्या जिममधली सगळी पोरं घेत, तोही घेत असे. पहिल्या दिवशी शेकर पुढं करताना तो म्हणाला, "घ्या. खुराक आहे."

खुराक हा शब्द त्यानं सहज वापरला की मुद्दाम, देव जाणे. पण गेनबाच्या तालमीत खुराकाची एक रीत होती. थंडाई कुणी आपली आपण घोटून प्यायची नाही. ज्यानं तुमच्याकडून मेहनत करून घेतली त्यानंच ती तुमच्या हातात द्यायची, आणि दिली की शेवटच्या घोटापर्यंत त्याच्यासमोर प्यायची. खुराक नाकारला म्हणजे तुमचा हात आमच्यावर नको, असं म्हटल्यासारखं. एकदा एका गड्यानं पोट बिघडलंय म्हणून पेला परत केला, तर वस्तादानं त्याचं गाठोडं बाहेर ठेवलं होतं. पोराच्या हातून शेकर घेताना गेनबाला ही सगळी रीत अंगात चढल्यासारखी झाली. चव औषधी गोळीसारखी होती. तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

आणि तो पीत असेपर्यंत सूरज शेजारी बसायचा. पाच-दहा मिनिटं असतील. गेनबा मुद्दाम सावकाश प्यायचा. आधी बोलणं भाडेकरूंच्या गाड्यांचं, वारज्याच्या पुलावरच्या गर्दीचं. मग हळूहळू आतलं येऊ लागलं. एका सकाळी सूरज आपणहून म्हणाला, "तात्या, त्या दिवशी मी हरायला घाबरलो नव्हतो. जिंकलो असतो तर जन्मभर लढावं लागलं असतं, म्हणून बसून राहिलो."

"मग सांगायचंस की."

"तेच सांगत होतो. तुम्ही थोबाडीत दिलीत."

दोघंही एकदम हसले. वर खिडकीत उभ्या असलेल्या मैनानं बापलेकांचं हसणं ऐकलं आणि तिनं देवापुढं साखर ठेवली. घरात साखर आणायला बंदी होती, तरी कुठून तरी चिमूटभर आणून ठेवली.

दिवाळीच्या आधी गेनबा डॉक्टर प्रियदर्शनींकडे एकटाच गेला. व्यायाम चालू आहे हे ऐकून त्या खूश झाल्या. आणखी काय घेता, असं विचारलं तेव्हा त्यानं मोठ्या अभिमानानं पोराची पावडर सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. काका, ती बंद करा, त्या म्हणाल्या. तुमच्यासारख्या दुखण्यात रक्तात यांतली काही अमिनो आम्लं बऱ्याचदा आधीच जास्त असतात. वरून आणखी कशाला ओतायची? त्यानं शरीर जास्त हट्टी होतं असं काही अभ्यास म्हणतात, काही म्हणतात फरक पडत नाही. मीही छातीठोक सांगणार नाही. पण व्यायामानं कमावलेलं त्यापायी वाया जायला नको. तरण्या पोरांचं वेगळं. तुम्हाला डाळ, दूध, अंडी पुरे. मुलाला तसं सांगा, तो समजून घेईल.

येताना बसमध्ये गेनबानं वाक्य जुळवून ठेवलं होतं. सूरज, डॉक्टरबाई ती पावडर नको म्हणाल्यात. एवढंच तर म्हणायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी व्यायाम संपल्यावर सूरजनं एक नवाकोरा डबा काढला. त्यावर जाड पेनानं 'तात्या' असं लिहिलेलं होतं. पोरांच्या डब्यातलं नको, तुमचं वेगळं आणलंय, चांगल्यातलं, तो म्हणाला, आणि लहानपणी शाळेतून चित्र काढून आणायचा तेव्हा बघायचा तसा बघू लागला. उद्या सांगू, असं मनाशी म्हणून गेनबानं शेकर तोंडाला लावला.

उद्या काही आला नाही. त्यानं मैनाला मात्र सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बोलतायसा न्हवं दोघं? मग बोला. पावडर काय, मुतून जाईल." अकरा वर्षं निरोप वाहिलेल्या बाईकडून याहून शहाणं काही ऐकायची अपेक्षा करणं म्हणजे जुलूमच होता.

हिवाळ्यातला रिपोर्ट चांगला आला नाही. साखर जागची हलली नव्हती. त्यात पावडरीचा दोष किती, लग्नसराईतल्या जेवणांचा किती आणि वयाचा किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी विचारलं, "पावडर बंद केलीत ना?" गेनबा म्हणाला, "केली." मग त्यांनी गोळ्या वाढवल्या आणि संध्याकाळच्या जेवणाआधी घ्यायची इन्शुलिनची सुई चालू केली. सुईचं पाकीट मैनानं फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे दडवलं. सूरजचं लक्ष फ्रिजमधल्या अंड्यांपलीकडं कधी गेलंच नव्हतं.

सुईनं आणि वाढवलेल्या गोळ्यांनी काम केलं. पुढचा रिपोर्ट असा सुरेख आला की डॉक्टरांनी गेनबाच्या पाठीवर थाप मारली. तो कागद बघून सूरजचा चेहरा उजळला. आणि मग त्यानं नको तो प्रश्न विचारला. "तात्या, गोळ्या? अजून घेताय?"

तालमीत वस्तादानं विचारलं, बैठका पुऱ्या झाल्या का, की पोरं हो म्हणत. झालेल्या असोत नसोत. समोरच्याच्या तोंडावर आनंद असला की गेनबाच्या तोंडून आपोआप तेच निघायचं. "सोडल्या कवाच," तो म्हणाला.

आठवड्याभरात वेशीवर फ्लेक्स लागला. शिवण्यात वाढदिवसाचा, बारशाचा, नव्या गाडीचाही फ्लेक्स लागतो, त्यामुळं त्यात नवल नव्हतं. पण हा भलामोठा होता. फेटा बांधलेला, खांद्यावर गदा घेतलेला गेनबा, शेजारी हात जोडलेला सूरज, आणि खाली अक्षरं: गोळी नाही, सुई नाही, फक्त व्यायाम आणि अमिनो. माझे तात्या, माझा अभिमान. गेनबा त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा पहिली ओळ त्यानं दोनदा वाचली आणि शेवटची ओळ वाचून त्याला हुंदका आला. 'सुई नाही' हे वाचून तो घरी गेला आणि त्याच संध्याकाळी त्यानं सुई घेतली.

त्या फ्लेक्सखाली सर्जेराव भेटला. त्याची साखर गेनबापेक्षा जुनी. मूठभर गोळ्या खायचा आणि त्या गोळ्यांना रोज शिव्या द्यायचा. पारावर पाच-सहा जण होते. सूरजही मोटारसायकलवर एक पाय टेकवून थांबला होता. सर्जेरावनं फ्लेक्सकडे बोट केलं. "गेना, खरं सांग. सोडल्या?"

गेनबानं आधी सर्जेरावकडं पाहिलं, मग सूरजकडं. सूरज हसत होता.

"व्हय," तो म्हणाला.

तिथून घरी येईपर्यंत त्यानं ठरवलं की सर्जाला एकट्याला गाठायचं आणि सांगायचं, बाबा, तू सोडू नको. संध्याकाळी तो त्याच्या घरी गेला. सर्जेरावची बायको सरुबाई म्हणाली, भावजी, ते तर तुमच्याच जिमला गेलेत, आजपासून नाव घातलंय. गेनबा परत आला. जिमच्या काचेतून बघतो तर सर्जेराव पोरांसारखे नवे रंगीत बूट घालून वजन उचलतोय आणि सूरज त्याची पाठ धरून "काका, एक अजून" म्हणतोय. दोघांच्या अंगावर एकच घाम आणि एकच हसू. गेनबा काचेबाहेर उभा राहिला, जरा वेळ बघत राहिला, आणि जिना चढून वर गेला. सर्जा मूर्ख नाही, तो सगळ्याच गोळ्या थोड्याच सोडेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. ती समजूत त्याला त्या रात्रीपुरती पुरली, आणि पुढं रोज तो तीच पुरवून पुरवून वापरत राहिला.

भेटी होत होत्या, नव्हत्या असं नाही. पण प्रत्येक भेटीत सूरज तरी असायचा किंवा पारावरची माणसं. आणि नसली तरी सर्जेराव इतका खुशीत असायचा की गेनबाला वाटायचं, कशाला आता. मनातलं खरं कारण त्याला ठाऊक होतं. सर्जाच्या पोटात गोष्ट राहत नाही. त्याला सांगितलं की दुसऱ्या दिवशी सूरजला कळणार, आणि सूरज उद्या खाटेशी येऊन उभा राहायचा नाही.

मार्च संपता संपता सरुबाईचा फोन आला. नव्या बुटानं सर्जेरावच्या टाचेला फोड आला होता. साखरेनं पायाची जाणीव कधीच गेलेली, त्यामुळं त्याला पत्ताच नाही. फोड चिघळला, पाय काळा पडला, ताप चढला तेव्हा स्वारगेटच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. साखर इतकी वर गेलेली की डॉक्टरांनी तिला विचारलं, औषधं कुणी बंद केली? "भावजी," ती म्हणाली, "पाय काढायचा म्हंतात."

गुडघ्याखालून काढला.

सूरज तीन दिवस हॉस्पिटलमधून हलला नाही. रक्त आणणं, कागदांवर सह्या, सरुबाईला धरून बसवणं, सगळं त्यानं केलं. गेनबा पोचला तेव्हा वॉर्डाबाहेर त्यानं बापाचा हात धरला आणि म्हणाला, "तात्या, माझ्या डोक्यात लॉजिकच बसत नाहीये. सेम व्यायाम, सेम अमिनो. तुम्हाला लागू पडलं. काकांना का नाही?" बाप काहीतरी सांगेल म्हणून तो बघत होता. गेनबा वॉर्डाच्या दाराकडं बघत राहिला. आतून सरुबाईनं दोघांना बोलावलं.

सर्जेराव उशाला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट होती. त्या सपाट जागेकडं बघायचं नाही असं गेनबानं ठरवलं होतं आणि तो तिथंच बघत होता. जोडीदार केवढा लहान दिसत होता. आखाड्यात ज्याला उचलायला गेनबाचा दम निघायचा त्याला आता कुणीही कडेवर घेतलं असतं. गेनबानं त्याचा हात हातात घेतला.

"गेना," सर्जेराव म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "तू बी सोडल्या, म्या बी सोडल्या. तुला कसं जमलं रे?"

आता इथंही 'देवाची कृपा' म्हणून निभावून नेता आलं असतं. सर्जेरावनं मान डोलावली असती. सूरजही मानला असता. मेल्यावर ते खोटं आपल्यासोबतच गेलं असतं. पण आयुष्यभर ज्याच्यासोबत मातीत लोळला, तो माणूस तुटका पाय घेऊन विचारत होता की चूक माझ्या अंगाची होती का. गेनबाला ते सोसलं नाही.

"सोडल्या नव्हत्या सर्जा," तो म्हणाला. "वाढवल्या व्हत्या. सुई बी घेतो. रोज."

सरुबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. सूरज भिंतीशी उभा होता, तो हलला नाही. सर्जेरावनं आपला हात सोडवून घेतला. झटकला नाही, हळूच काढून चादरीवर ठेवला.

"पारावर सगळ्यांदेखत व्हय म्हणालास, ते एक ठीक हाय," तो म्हणाला. "मागनं येऊन कानात सांगायचंस की रे."

मग त्यानं तोंड खिडकीकडं केलं. माफ कर, असं काहीतरी गेनबा म्हणाला असावा. सर्जेराव खिडकीबाहेरच बघत राहिला, आणि शेवटी सरुबाईच म्हणाली, भावजी, त्यांना पडू द्या आता. ती भावजी म्हणाली खरी, पण तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच परक्यासारखा आला.

बाहेर सूरज कुठं दिसेना. गेनबा जिन्यानं खाली आला. सूरज दुचाक्या लावायच्या जागेत उभा होता, फोन कानाला. फ्लेक्स उतरवा, आत्ताच्या आत्ता, फाडून टाका, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. त्याचे डोळे लाल होते. गेनबाला पोराला जवळ घ्यावंसं वाटलं. लहान असताना घेतलं होतं, त्यानंतर कधी घेतलं नव्हतं, आणि आता हात कसे पुढं करायचे हेच त्याला आठवेना.

सूरजनं विचारलं, "पावडरीबद्दल डॉक्टरबाईंनी काही सांगितलं होतं?"

"नको म्हणाल्या व्हत्या."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

सूरज मनाशी काहीतरी जुळवत राहिला. थंडीतल्या सकाळी, नदीकडचा रस्ता, तो वेगळा डबा. "म्हणजे तेव्हापासून रोज मी तुम्हाला नको ते देत होतो. आणि तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून पीत होतात. आणि मी गावाला सांगत सुटलो, माझे तात्या बघा." त्याचा आवाज फाटला. "काकांचा पाय माझ्या फ्लेक्सनं गेला, तात्या."

"तुझ्या न्हाई. माझ्या जिभेनं गेला."

"एकदा म्हणायचं होतं, सूरज, हे नको. मी ओतून टाकलं असतं. मी काय तुमच्याकडं पावडर पाजायला येत होतो का? पाणी घेऊन बसलो असतो."

हे ऐकल्यावर गेनबा एका गाडीच्या सीटला धरून उभा राहिला. इतके महिने ज्या भीतीनं त्याला तोंड उघडू दिलं नव्हतं, ती भीती मुळात खोटी होती. पोरगं आलंच असतं. नुसत्या पाण्याचा पेला घेऊन आलं असतं, शेजारी बसलं असतं. सर्जाचा पाय जागेवर असता. काही म्हणजे काही बिघडलं नसतं.

आयुष्यात कुणापुढं बोलला नव्हता ते तो बोलला. "तू धा मिंटं बसायचास, सूरज. तेवढ्यापायी पीत व्हतो. तू उठून जाशील, ह्येच भ्या व्हतं. दुसरं कायबी न्हाई."

सूरजनं बापाच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. भांडायच्या बेतात नव्हता तो, टोमणाही मारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"तात्या," तो म्हणाला, "आता हे तरी खरं कशावरून धरू?"

गेनबानं तोंड उघडलं. सूरज थांबला होता, उत्तराची मनापासून वाट बघत होता. शपथ घ्यावी तर कुणाची घ्यावी, साक्षीला आणावं तर कुणाला आणावं, गेनबाला सुचेना. सांगण्यासारखं खरं त्याच्याजवळ तेवढंच होतं, आणि ते सांगून झालं होतं.

थोड्या वेळानं सूरजनं खिशातून सर्जेरावच्या औषधांची चिठ्ठी काढली आणि तो मेडिकलच्या रांगेत जाऊन उभा राहिला. गेनबा त्या गाड्यांमध्ये तसाच उभा होता.